कोल्हा बोलावायची शिट्टी

आमच्या प्रसादने सिंगापुरात बेडोकला आमच्या फ्लॅटवर येऊन काय घोळ घातला, ते सांगितलं का तुम्हाला? त्याच्या मेहुण्याचं ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं फार्म आहे. कोल्हे कोकरं पळवतात, म्हणून त्यांना बंदुकीच्या टप्प्यात आणायला भक्ष्याचा आवाज काढणारी, तोंडाने फुंकायची शिट्टी लागते. प्रसादने दोन मागवल्या आणि त्यातली एक निवडायला आमच्याकडे आला. नेमकी शेजारच्या आंटींची मांजर आमच्याकडे होती, कारण आंटी हॉस्पिटलमध्ये होत्या.

प्रसादने मोठी शिट्टी फुंकली. जखमी सशासारखी अशी किंकाळी निघाली, की मांजर उघड्या दारातून पसार!

आम्ही सगळे मजले पालथे घातले. माझी बायको सीमा रडकुंडीला आली. "आंटींना काय तोंड दाखवू?"

शेवटी इमारतीखाली सायकलींपाशी प्रसादने छोटी शिट्टी हळूच फुंकली. उंदरासारखं चूं चूं झालं आणि मांजरीने सायकलींमागून येऊन थेट त्याच्या बुटावर झडप घातली.

सीमाने तिला छातीशी घट्ट धरलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

प्रसाद खूश होऊन म्हणाला, "ठरलं! छोटीच पाठवतो."

"दोन्ही पाठवा भाऊजी," सीमा म्हणाली, "आणि आजच पाठवा."