समोरून केलेली दाढी

टेलरबाई : पण तू नेमका चिडलास कशावर, ते तरी कळू दे. वडिलांच्या गळ्याला गाठ निघाली म्हणून?

सलूनवाला : गाठीचं नाही हो, ताई. ती तुमच्यामुळेच सापडली. आणखी सहा महिने गेले असते तर अवघड होतं, म्हणाले डॉक्टर.

टेलरबाई : मग सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन, शटर अर्धं ओढून, आरशाकडे तोंड करून का बसलायस? उद्या वडिलांना दवाखान्यात भरती करायचंय. परवा ऑपरेशन. घरी बसायचं सोडून इथे काय करतोयस?

सलूनवाला : घरीच होतो सकाळी. ताई, त्यांनी तुम्हाला गळ्याला टेप लावू दिली.

टेलरबाई : शर्टाचं माप. कॉलरसाठी गळा मोजावा लागतो. नजरेने मोजू?

सलूनवाला : चेष्टा नको. तीस वर्षं मी लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतोय. हा अख्खा रस्ता माझ्यापुढे मान वर करून डोळे मिटतो. आणि माझा सख्खा बाप लढाईवरून दाढी घेऊन आला, तेव्हापासून आपल्या हाताने कात्रीने कापतो, वेडीवाकडी. मला हातभर अंतरावर ठेवतो. तुम्ही जाता, दोन शर्टांचं माप घ्यायला, ते पण मीच पाठवलं म्हणून, आणि पहिल्याच दिवशी...

टेलरबाई : पहिल्या दिवशी नाही. तिसऱ्या खेपेला.

सलूनवाला : दोन शर्टांना तीन खेपा?

टेलरबाई : सात.

सलूनवाला : सात?

टेलरबाई : शर्ट होऊन महिना झाला. इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवलेत. मी उगाच जात होते. कधी बाही बघते म्हणायचं, कधी खांदा. तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

सलूनवाला : अहो पण कशाला?

टेलरबाई : बसायला. त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसायचं. ते म्हणायचे, चहा घेतेस का पोरी. मी साठीला आले. मला पोरी म्हणणारं आता कोण उरलंय? माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली.

सलूनवाला : रविवारी शाळेच्या वर्गात आपला गट बसतो, मन मोकळं करायला, तेव्हा कधी बोलला नाहीत हे.

टेलरबाई : काय बोलू? बारा जण बसतो आपण तिथे पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून. सगळे लढाईवरून असे होऊन आलेल्या बापांची पोरं, केस पिकलेली. प्रत्येकाला वाटतं आपलंच घर तसलं होतं. मी सगळं सांगितलंय तिथे, एवढंच राहिलं. की वडिलांचा हात मी पहिल्यांदा हातात घेतला तो ते गेल्यावर. गार पडला होता. आधी कधी जमलंच नाही. तुझ्या वडिलांचा गळा ऊबदार होता रे. मला परत परत जावंसं वाटायचं. बस, एवढंच.

सलूनवाला : म्हणजे माझा बाप तुम्ही वापरलात.

टेलरबाई : हो. वापरला.

सलूनवाला : भारीच आहात.

टेलरबाई : आणि सातव्या खेपेला गळा पंधराचा साडेपंधरा भरला. माणूस वाळत चाललाय आणि गळा वाढतोय, हे काही मला पटेना. म्हणून तुला फोन केला. आता सांग, सकाळी काय झालं?

सलूनवाला : दवाखान्यातून सांगितलं, दाढी काढून गळा साफ लागेल. वॉर्डातला माणूस करेल म्हणाले. आता तो कोण, कुठला! माझ्या बापाच्या गालाला पहिला वस्तरा त्याचा लागणार, आणि मी बाहेर बाकावर बसणार. परवा ते टेबलावरून उठले नाहीत तर? तर मी कोण होतो त्यांचा? म्हणून म्हटलं, आपणच करू. फेस केला. चपला काढल्या. जराही आवाज न करता मागून गेलो, आणि ब्रश...

टेलरबाई : मागून?

सलूनवाला : मागूनच ना. न्हाव्याने खुर्चीच्या मागेच उभं राहायचं असतं.

टेलरबाई : अरे देवा. चपला काढून, चोरपावलांनी, मागून? तीन वर्षं रविवारी काय झोपा काढतोस?

सलूनवाला : हात असा झाडला त्यांनी. वाटी फुटली. मी कोपरावर पडलो. ते आत निघून गेले आणि कडी लावली. सहा वर्षांचा होतो तेव्हाही हेच. झोपले होते, मी जाऊन दाढीला हात लावला. कपाटावर आपटलो. ही खूण त्याचीच.

टेलरबाई : माझी आई नेहमी दारातून बोलत यायची. मी आले, आता खिडकी उघडते, आता तुमच्या डाव्या बाजूने जाते. आम्हाला वाटायचं बाईला बडबडायची सवय आहे. नंतर कळलं, वडील दचकू नयेत म्हणून बोलायची. मी तुझ्या वडिलांकडे तेच केलं. टेप आधी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, बघा, कापडाची आहे. मग, आता गळ्यामागे नेते. आता बोट आत घालते. आता काढली.

सलूनवाला : आमच्या आईने उलटं शिकवलं. बाबा घरात आहेत, आवाज नको. मी इथे दिवसभर इतका बोलतो की गिऱ्हाइकं जांभया देतात. घरी पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. माझ्याबद्दल काही बोलले का हो? सात खेपांत?

टेलरबाई : बोलले.

सलूनवाला : काय?

टेलरबाई : त्यांनी सांगायला हवं होतं ते. पण सांगते. म्हणाले, तो लहान असताना माझा हात लागला त्याला. तेव्हापासून जवळ घेतला नाही. म्हणाले, माझ्या हातांचा मला भरवसा नाही.

सलूनवाला : मला इतकी वर्षं वाटत होतं, माझ्या वस्तऱ्याचा नाही.

टेलरबाई : समोरून कर.

सलूनवाला : समोरून? हात उलटा पडतो, ताई. असं कोणी करत नाही.

टेलरबाई : तू कर. चल, माझ्यावर सराव कर. बसते मी.

सलूनवाला : तुम्हाला दाढी कुठाय?

टेलरबाई : फेस तर लागेल ना? आणि वस्तरा नको, कंगव्याची पाठ घे. बोल आता. मुका काय उभा राहतोस?

सलूनवाला : आता... डाव्या गालाला ब्रश लावतो. हं. आता हनुवटी. आता कंगवा. वरून खाली आणतो. जमतंय की हो थोडं. मनगट फिरवावं लागतं. आता उजवा गाल. ताई? काय झालं? डोळ्यात गेला का फेस?

टेलरबाई : नाही गेला. तू थांबू नकोस.

(संध्याकाळ. सलूनवाल्याचं घर. वडील खुर्ची भिंतीला टेकवून बसलेत.)

सलूनवाला : बाबा, मी आलोय. दारात आहे.

वडील : दिसतंय.

सलूनवाला : उद्या दवाखान्यात जायच्या आधी तुमची दाढी करायचीय. मी समोर स्टुलावर बसेन. माझे दोन्ही हात तुम्हाला दिसतील. जे करीन ते आधी सांगेन.

वडील : हे टेलरबाईचं डोकं.

सलूनवाला : हो.

वडील : सकाळी लागलं तुला?

सलूनवाला : नाही.

वडील : कोपर धरून चालत होतास.

सलूनवाला : थोडंसं लागलं.

वडील : परत हात उठला तर? तुझ्या हातात वस्तरा असणार.

सलूनवाला : तुमचे हात माझ्या गुडघ्यांवर ठेवा. हलले की मला लगेच कळेल. मी थांबेन.

वडील : गुडघ्यांवर?

सलूनवाला : हो. दोन्ही. असे. ठीक आहे ना?

वडील : चालू कर.

सलूनवाला : आधी कात्री. आवाज होईल. होतोय. बस, झाली. आता गरम पाण्याचा टॉवेल, डाव्या बाजूने. आता ब्रश. थंड लागेल जरा. बाबा, हात थरथरतायत. थांबू?

वडील : ते तसेच असतात आता. कर.

सलूनवाला : आता वस्तरा. हा बघा. कानाजवळून खाली. एक. परत तिथेच. दोन. इथे तीळ आहे. मला माहीतच नव्हतं.

वडील : तुलाही आहे.

सलूनवाला : हो. मला वाटायचं तो आईकडून आला.

वडील : माझ्याकडून आला.

सलूनवाला : आता मान थोडी वर. गाठ आहे तिथे हळू येतो. खालून वर. दुखतंय?

वडील : नाही.

सलूनवाला : इथे त्वचा ओढून धरतो, बोटाने. आता सोडली. हनुवटी राहिली. मी किनई शाळेत असताना इतरांचे बाप दाढी करताना बघायला जायचो. खिडकीतून. एका घरी हाकलून दिलं मला. तिथूनच हे डोक्यात बसलं बहुतेक. आता ओठाच्या वर. श्वास सोडू नका. हं, सोडा. आता पुसतो. ओला टॉवेल. आता कोरडा. झाली. हात काढून घेतलेत तरी चालेल आता.

वडील : राहू देत.

सलूनवाला : बरं.

वडील : गप्प का झालास?