तोंड झाकलं, नंबर उघडाच राहिला

मी चिखल्याचाच, माहा बाप बी मँगनीजच्या खाणीतला, आज्यानं दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी बुद्धाचा फोटो हाय आन् खाणीची नोकरी हाय, दोनच गोष्टी समजा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी आठवीत होतो. मले पोरीयचं काही वाटत नाही हे मले तेव्हापासून माहीत हाय, पन सांगू कोनाले? बाप गेला, मी त्याच्या जागी लागलो, माय म्हने लगन कर, मी म्हनलो पुढच्या साली. असे किती साल गेले काय सांगू तुमाले.

मंग हातात मोबाईल आला. माह्यासारख्या मान्सायसाठी फुकटचं ॲप हाय, त्यात व्हिडिओवर बी बोलता येते, हे कळलं तं मले वाटलं चला बाप्पा, जगात आपन येकटाच नाही. त्याच्यावरच आंबागडचा एक भेटला, जंगलात रोजीवर जाते, घरी म्हातारी माय. दोन साल आमी बोललो, कधी नाकाडोंगरीच्या बाजारात भेटलो, चहा पेलो, लोकायच्या मंधात उभे राहून हसलो. चांगला मानूस. त्याच्याबद्दल जास्त नाही सांगत.

तो कामासाठी काही महिने बाहेर गेला आन् मले पुन्हा येकटं वाटाले लागलं. तेव्हा दुसरा एक आला. फोटो नाही, म्हने नागपूरचा हाय. गोड बोले. व्हिडिओवर ये म्हने, शर्ट काढ म्हने. आता मी येवढा बी भोळा नाही, मी तोंडाले दुपट्टा बांधला, डोळे तेवढे उघडे. त्याचा कॅमेरा काळाच, म्हने माहा खराब हाय. तिथंच बंद कराले पायजे होतं, पन नाही केलं, शर्टबी काढला. गोड बोलन्यापुढं अक्कल चालत नाही मान्साची.

आन् मांगं खुटीले काय टांगलं होतं? माहं हेल्मेट. आमच्या खाणीत ज्याच्या त्याच्या हेल्मेटवर हजेरीचा नंबर पेंटानं लिहून ठेवतेत, नाहीतं दुसरा उचलून नेते. खाणीत नावानं कोनी कोनाले बलावत नाही, नंबरानंच बलावतेत, पगार नंबरावर, पाळी नंबरावर. तोंड झाकलं मी, आन् खरं नाव मांगं टांगून ठेवलं. असा शहाना मी!

दुसऱ्या दिवशी मॅसेज आला, व्हिडिओतून काढलेला माहा फोटो, त्याच्यावर माहा हजेरीचा नंबर लिहून, आन् खाली, उद्या पहिली पाळी ना रे तुही? नागपूरच्या मान्साले काय कळते त्या नंबराचं? पहिली पाळी त्याले कोनं सांगतली? हा खाणीतलाच. रोज माह्यासंगं खाणीच्या लिफ्टीच्या पिंजऱ्यात खाली उतरनारा, माह्या बाजूले बसून डब्बा खानारा कोनीतरी. थू! आजबी आठवलं का तोंडात कडू पानी येते.

पैसे नाही मांगितले त्यानं. पैसे मांगता तं बरं होतं. म्हने तुह्यासारखे अजून कोन हायेत ते सांग, दोघायचे नाव दे, फोटो दे, मंग तुले सोडतो. नाहीतं तुहा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकतो. म्हंजे पहा, शिकारी धरलेल्या तितरालेच दुसरे तितर बलावाले बसवते ना, तसं.

आता खरं सांगतो, त्याची घिन येते पन माही बी येते. मी आंबागडवाल्याचं नाव टायपलं होतं. गावासकट टायपलं होतं. बोट बटनावर होतं आन् मी तसाच बसलो होतो. मंग त्याची म्हातारी माय आठवली, गाव केवढंसं, कुठं जाईल तो? पुसून टाकलं. पन टायपलं तं होतंच ना, हेच बोट होतं.

तुमसरच्या बहिनीले फोन लावला, ताई ये म्हनलो. आली. सारं सांगतलं, तिच्याकडं पाहून नाही सांगता आलं, भिंतीकडं पाहून सांगतलं. तिनं मोबाईल घेऊन सारे मॅसेज वाचले. मंग म्हने, मूर्खा, मॅसेज पुसू नको येकबी, चाल ठान्यात. मी म्हनलो ताई, लोक काय म्हनतीन? ती म्हने, नाव देलं असतंस तं मी काय म्हनली असती ते इचार.

ठान्यात लिहून घेतलं. त्याच दिवशी फोटो ग्रुपवर आला. त्याचा मोबाईल नंबर मंग बंद, सापडला नाही तो, कोन होता आजबी माहीत नाही. मी तसाच पाळीवर गेलो. कोनी हसले, एकानं डब्बा उचलून दूर नेला, माय चार दिवस जेवली नाही, मंग जेवली. पिंजऱ्यात दहा जन खांद्याले खांदा लावून उतरतो आमी, मी दरेकाचं तोंड पाहतो. त्यातलाच एक. तोच मले म्हनत असन, सरक भाऊ थोडा. किळस येते बाप्पा, अंगाले अंग लागलं का किळस येते.

आता कोनी नवीन माह्यासंगं बोलला तं पहिले हेच सांगतो, जो आपलं तोंड दाखवत नाही त्याले आपलं अंग दाखवू नको, मांगं कोरी भिंत ठेव, भेटाचं तं दिवसा, बाजारात, आन् घरच्या येका मान्साले तरी सांगून ठेव. आयकतेत, नाही आयकत.

मांगच्या बाजारात आंबागडवाला दिसला. फोटोची गोष्ट त्याच्याबी कानावर गेली असन. मले पाहून त्यानं मान फिरवली, कांदे न घेताच निंगून गेला. माह्यासंगं दिसलो तं आपलंबी नाव निंगन, असं भेव असन त्याले. त्याचं नाव काहून नाही निंगालं हे त्याले माहीत नाही, आन् मी सांगनारबी नाही. जगू दे बाप्पा त्याले, सुखानं जगू दे.