देवनहळ्ळीच्या तीन होळिगे

मधुकरअण्णा : विश्वास कुणी ठेवणार नाही, पण ऐक. टेबलावर नववा तास. स्वादुपिंडाचं शेपूट काढलं, प्लीहा काढली, जठराचा काप घेतला, वीतभर आतडं काढलं. एवढं सामान हलवल्यावर मोठ्या डॉक्टरला वाटच सापडेना. भुलीतून उठवून मला विचारतो, अण्णा, आता कुठं वळू?

नीलिमा : आणि तुम्ही सांगितलंत.

मधुकरअण्णा : चाळीस वर्षं चिकपेटेच्या बाजारात साड्या विकल्या, गल्ल्यांचं मला काय? म्हटलं, यकृताच्या कोपऱ्यावर डावीकडं, मग स्वल्प पुढं.

नीलिमा : त्यानंतर चाळीस दिवस पोटातली नळी गळत होती. किती गळलं ते रोज मी लिहीत होते. अठरा किलो उतरलात. ते कधी येत नाही तुमच्या गोष्टीत.

मधुकरअण्णा : ते खरं घडलेलं. त्यात सांगायचं काय?

नीलिमा : आज दिवसभर कुठे होतात?

मधुकरअण्णा : देवनहळ्ळीला. आपल्या नागराजच्या मुलीचं लग्न. तुपातल्या तीन होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्याच, खाल्ल्या, वाढपी माझ्या पानाकडं फिरकेना. स्वादुपिंड अर्धं राहिलं की भूक दुप्पट होते, नीलव्वा. डॉक्टर हे आता माझ्याकडून लिहून घेतायत.

नीलिमा : आठ दिवस पाठ दुखते म्हणून उशी लावून बसताय.

मधुकरअण्णा : उशी जुनी झालीय, तिला आधार देतो.

नीलिमा : अण्णा, परवा माझं विमान आहे. दोन वर्षं म्युनिकला. जयनगरच्या या घरात तुम्ही एकटे. आपलं काय ठरलं होतं?

मधुकरअण्णा : स्कॅन चांगला आला तरच पुतणीनं जायचं. सरी, कबूल. पण डॉक्टर म्हणाले, इतका ठणठणीत माणूस, स्कॅन आता दिवाळीनंतरच.

नीलिमा : कॅन्सर परतलाय का ते दर तीन महिन्यांनी बघायचं म्हणणारे डॉक्टर असं म्हणाले?

मधुकरअण्णा : चष्मा काढून म्हणाले. चष्मा काढल्यावर डॉक्टर खोटं बोलत नाही.

नीलिमा : बरं. होळिगेबरोबर पचनाच्या कॅप्सूल किती घेतल्यात? नाहीतर तासाभरात पोट धरून बसता.

मधुकरअण्णा : तीन होळिगे, तीन कॅप्सूल. पहिल्या घासाच्या आधी चित्राहुतीसारख्या पानाशेजारी मांडल्या. शेजारचा विचारतो, तुमच्या देवांनाही अपचन का हो?

(नीलिमा पर्समधून कुंकवाची जुनी पितळी डबी काढून त्यांच्यासमोर ठेवते. अण्णांच्या कॅप्सूल हिच्यातच असतात.)

मधुकरअण्णा : ही तुझ्या काकूची डबी तुझ्याकडं कशी?

नीलिमा : काल रात्री तुमची शेवटची कॅप्सूल संपली. भरून आणायला सकाळी डबी मीच ऑफिसला नेली. आज घरात एकही कॅप्सूल नव्हती.

मधुकरअण्णा : मग... नागराजकडून उसन्या घेतल्या असतील. त्याच्या व्याह्यालाही अगदी हेच...

नीलिमा : लग्न नव्हतंच, अण्णा. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही, कारण स्कॅनला उपाशी बोलावतात. तिथल्या सुईवरचा कापूस डाव्या बाहीखाली काढायचा राहिलाय.