नोंद क्रमांक २१४-अ

दि. २२/१२/२०२५, वेळ दुपारी १२.४०

मी, रतनबाई बंकट केकान, वय अंदाजे ६८, धंदा पूर्वी ऊसतोड, आता घरकाम, शिक्षण पहिलीचे चार महिने, रा. घाटनांदूरजवळील वस्ती, ता. अंबाजोगाई, जि. बीड. समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी मुलगा सटवा व नात करिष्मा यांच्यासोबत राहत होते. सून वारली आहे. करिष्मा दहावीत होती. तिच्या आईचे बाळंतपण मी माझ्या हाताने केले. तारीख सांगता येत नाही, पण महिना धोंड्याचा होता. धोंडा म्हणजे अधिक महिना अडीच-तीन वर्षांनी एकदा येतो, तो कुणाच्या सांगण्याने मागेपुढे होत नाही. तिच्या जन्मानंतर पाच धोंडे झाले. एकोणीस वर्षांची असती तर सात झाले असते.

दि. १८/०८/२०२५ रोजी सकाळी ११ च्या सुमारास मी सटवासोबत तहसीलसमोर बसणाऱ्या नोटरी वकिलाकडे गेले. निराधारच्या पगारासाठी मी जिवंत आहे असा कागद करायचा होता. वकिलाच्या मोठ्या नोंदवहीत अंगठा घेतला. कोयता धरून माझ्या बोटांच्या रेघा गेल्या आहेत. कारकून म्हणाला, "आजी, उमटंना. खाली अजून एक द्या." खालची ओळ कोरी होती. मी विचारले, "कोऱ्या जागंत कावून?" तो म्हणाला, "वरचा फिसकटला तर असू द्या." मी येडी, दिला.

दसऱ्यानंतर सटवाने करिष्माचे लग्न ऊसतोड करणाऱ्या समाधानशी ठरवले. मुकादम एकट्या गड्याला घेत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. समाधानला बायको नको होती, कोयता पुरा करायचा होता. मी परीक्षेचे बोलले तर सटवा म्हणाला, "धाव्वी होऊन कलेक्टर होती का?" मी म्हणाले, "तू झाला न्हाईस, तर काय झालास ते दिसतंय की."

दि. ३१/१०/२०२५ रोजी शाळेच्या बाईंनी कळवल्यावरून ग्रामसेवक घरी येऊन लग्न थांबवा असे सांगून गेले. दि. ०२/११/२०२५ रोजी सकाळी ९ वाजता ते मांडवात परत आले, तेव्हा सटवाने नोटरीचा कागद काढला. तारीख १८ ऑगस्टची. त्यात मी शपथेवर सांगितले होते की बाळंतपण मीच केले, नात एकोणीसची आहे, शाळेत वय चुकून कमी लागले. मी असे कधी बोलले नाही, हे ओरडून सांगितले. सटवा म्हणाला, "म्हातारे, अंगठा तुझाच हाय ना?" ग्रामसेवकांनी कागद दोनदा वाचला व ते गेले. लग्न लागले. तीन दिवसांनी टोळी करिष्माला घेऊन ऊसतोडीला बेळगावकडे गेली.

दि. १५/१२/२०२५ रोजी ठाण्यातल्या हवालदारांसोबत जाऊन वकिलाची नोंदवही पाहिली. मला वाचता येत नाही, ओळी दिसतात. हवालदारांनी वाचून सांगितले. २१४ ला माझी हयात, निळी शाई. २१५ ला दुसऱ्या कुणाचे, निळी शाई. दोन्हींच्या मध्ये काळ्या शाईत माझ्या अंगठ्याला वळसा घालून अक्षरे कोंबली आहेत, क्रमांक २१४-अ. पुढच्या पानांवरही मध्ये मध्ये कोऱ्या ओळी आहेत. हवालदारांनी विचारले की माणूस समोर असताना, ओळीने, जागा न सोडता लिहायचे असते, मग हे काय? वकील म्हणाले, "जागा सुटली असंल. अंगठा खोटा हाय का, तेवढं सांगा." मी म्हणाले, "अंगठा माझा, बोलणं तुमचं."

दि. १९/१२/२०२५ रोजी करिष्मा समाधान हिचा फोन आला. ती म्हणाली, "आज्जे, पाळी चुकली. कुणाला सांगू नको." ते मी येथे सांगत आहे.

नोंदवही ताब्यात घ्यावी व फेब्रुवारीतल्या परीक्षेआधी पोरीला आणावे, अशी माझी मागणी आहे. साहेबांनी समजावले की शाई तपासायला पाठवावी लागेल, त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही. पोरीचा स्वतःचा जबाबही लागेल. टोळी मार्चअखेर येते.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात नातीचे नाव 'करिष्मा समाधान' असे आले. ते 'करिष्मा सटवा' करा, असे मी सांगितले. नोटरीचा कागद रद्द होईपर्यंत बदलता येत नाही, असे साहेब म्हणाले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.