हाकेला ओ

ओस पडलेल्या बाजारपेठेत, बंद दुकानांच्या वरच्या मजल्यांवर, नगरपालिका राहायला घरं देत होती. अर्जाच्या रांगेत उभ्या असलेल्या शिंप्याचं मन अजून डळमळत होतं. पुढे एक म्हातारी आणि तिची लेक बोलत होत्या. त्याने कान टवकारले.

“आई, लिफ्ट आहे, दवाखाना समोरच आहे.”

“आणि शेजारी?”

“अजून कोणी नाही. येतील हळूहळू.”

“सगळेच असं म्हणत बसले, तर येणार कोण?”

“मग नको घेऊया का?”

“नको कुठे म्हटलं? फक्त हाक मारली तर ओ देणारं एक माणूस हवं बाई.”

शिंपी खाकरला. “आजी, कितवा मजला?”

“दुसरा. का रे बाबा?”

“मग मी पहिला मागतो. हाक तेवढी मोठ्यानं मारा, माझं मशीन फार खडखडतं.”