टिळ्याचा बोकड

कळवणच्या जनावरांच्या दवाखान्यात धोंडीराम मांडीवर करडू घेऊन बसला होता. शेजारी त्याची वहिनी, साळूबाई.

"वहिनी, कपाळावरचा हा पांढरा टिळा बघा. माझ्या बाराच्या बारा शेळ्यांना हाय."

"आणि वाकडा जबडा कितींना हाय, भाऊजी?"

"तो आठांना. पण टिळा सगळ्यांना! देवानं निवडलेलं रक्त हाय हे."

"देवानं? मागं गोठ्याची भिंत पडली, चाळीस जनावरं मेली. तीन शेळ्या आणि तो टिळ्याचा बोकड तेवढा वाचला. भिंत काय टिळा बघून पडली?"

"दमदार होता, म्हणून वाचला."

"दमदार होते ते आत मेले. त्या बोकडाचा जबडा वाकडा, म्हणून बाजारात विकायला तुम्हीच त्याला बाहेर चिंचेला बांधला होता."

"असं वाकडं तुमच्या माहेरीबी निघतंच की."

"निघतं. पण तिथं दोनशे शेळ्या हायेत. वाकडं करडू चरताना मागं पडतं, वाळतं, त्याचा वंश वाढत नाय. तुमच्याकडं सगळी त्या एकाचीच पिलावळ. मागं पडायचं तरी कुणाच्या?"

"मग काय बाहेरचा बोकड आणू? टिळा जाईल ना!"

"टिळा मी रोज चुन्यानं काढून देते. जबडा कोण सरळ करणार?"

तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं.

"काय होतंय करडाला?"

"आईचं दूध ओढता येत नाय, साहेब."

"कुठल्या जातीचं?"

"अस्सल आमच्या घरचं. बाहेरचा एक थेंब नाय."