कागदावरचा बाप

"काका, छत्री मिटा, डोळ्यात जाईल."

"मुडीचा, कुरमुऱ्यांचा डबा घरीच राहिला."

"दुसरी खिडकी आज बंद."

बांगलादेशच्या सीमेजवळच्या दिनहाट्याच्या कचेरीतली रांग. माझ्यापुढे आमच्याच गावचे खगेन बर्मन आणि त्यांची मुलगी मिनती.

"बाबा, अजून विचार करा. शाळेपासून प्रत्येक कागदावर वडील म्हणून नरेनकाका आहेत. एक नाव बदललं की सगळं अडेल."

"माझं नाव एवढं वाईट आहे का गं?"

"तसं कुठे म्हणाले मी?"

"आपलं गाव तेव्हा भारताच्या पोटातला बांगलादेशाचा तुकडा. तुझ्या आईला बाळंतपणासाठी इस्पितळात घ्यायला भारतातला नवरा दाखवावा लागला. नरेनने नुसतं नाव दिलं."

"आणि त्यांच्या चितेला अग्नी मी दिला. एकुलती मुलगी म्हणून."

"दिलास. चांगलं केलंस. मी मागे गर्दीत होतो."

"मग आता कशाला, बाबा? आता तर गाव भारतात आलं, आपण इथलेच झालो."

"इथला झालो, पण कागदावर मला मूलच नाही गं."

"अहो, पुढे सरका!"

"बाबा, द्या तो अर्ज इकडे. पेन आहे?"

मिनती जन्मली तेव्हा खगेन दोन दिवस इस्पितळाच्या फाटकाशी बसून होते. रखवालदाराला त्यांनी सांगितलं होतं, मी बाळाचा मामा.